शिव्यांवर दूध देणारी गाय

आई काल पहाटे गेली. धार काढायच्या आधी गेली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

आज दुपारी अंगणात माणसं जमली. खुर्च्या शाळेतून आणलेल्या, त्यामुळे थोराड माणसं पोरांच्या खुर्च्यांत गुडघे हनुवटीला लावून बसली होती. माझा थोरला भाऊ कचेरीत साहेब आहे. तिथे कुणीही निवृत्त झालं की तो जे भाषण ठोकतो, तेच त्याने आईला लावलं होतं. फक्त शेवटी शुभेच्छा द्यायच्या नाहीत एवढं भान ठेवलं होतं.

"आमची आई म्हणजे शांतपणाचा पुतळा," दादा म्हणाला. "उभ्या संसारात तिच्या तोंडून आम्ही वावगा शब्द ऐकला नाही."

गोठ्यातून गाय मोठ्याने हंबरली.

शेजारची काकू माझ्या कानाला लागली. "अगं, हा कुणाच्या आईबद्दल बोलतोय?"

बाई मेली की लोक तिला लगेच गरीब गाय करून टाकतात. जिवंतपणी जिच्या जिभेला सगळी आळी टरकून असते, ती एका रात्रीत सोशिक, प्रेमळ, मितभाषी होते. सोयीचं असतं ते. सोशिक बाईला काय काय सोसावं लागलं, ते कुणी विचारत नाही.

माझी आई शिव्या द्यायची. पण कुठेही नाही, फक्त गोठ्यात. लग्न होऊन आली तेव्हा घरात आजीचं राज्य होतं. सुनेने बोलायचं नाही. काही विचारलं तर मान हलवायची, आणि तीही जास्त हलवायची नाही. आजीला शेणाचा वास सोसायचा नाही, म्हणून ती गोठ्याच्या उंबऱ्यापुढे कधी यायची नाही. आईला तेवढं पुरलं. सकाळ-संध्याकाळ गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसायची आणि धारेच्या आवाजाखाली अख्ख्या खानदानाचा उद्धार करायची. सासूचा, नवऱ्याचा, पुढे आम्हा पोरांचा. बाबा घरात 'अहो' असायचे, गोठ्यात 'तो मुडदा'.

आजी गेल्यावर घरात बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. पण तोवर सवय जडली होती, आईलाही आणि गाईंनाही. आमच्या गोठ्यातल्या प्रत्येक कालवडीने जन्मल्यापासून हेच ऐकलेलं. शिव्या सुरू झाल्या की पान्हा सुटायचा. एकदा आई तापाने फणफणली होती, तरी दुसऱ्या कुणाला गाईने थेंब दिला नाही. शेवटी तीच उठून गेली, आणि त्या दिवशीच्या शिव्या रस्त्यापर्यंत ऐकू आल्या.

तर कालपासून गाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. वहिनीला लाथ बसली, गड्याला शिंग लागलं. वासरू मोठं झालेलं, त्याला ती जवळ येऊ देत नव्हती.

दादाचं भाषण 'त्यागमूर्ती'पर्यंत आलं, तेवढ्यात गोठ्यातून जनावरांचा डॉक्टर बाहेर आला.

"साहेब, आवरतं घ्या. कास दगडासारखी झालीय. संध्याकाळपर्यंत मोकळी झाली नाही तर एखादा सड कायमचा जाईल."

"मग औषध द्या ना," दादा म्हणाला.

"दिलं. पण पान्हा सडातून येत नाही साहेब, डोक्यातून येतो. हिला ओळखीचं काहीतरी पाहिजे."

"शिव्या पाहिजेत," मी म्हणाले.

दादाने मला डोळ्यांनी दटावलं. "लोक बसलेत."

"आईसाठीच बसलेत ना? मग ऐकू दे की."

"मी बघतो," म्हणून दादा गोठ्यात गेला. इस्त्रीच्या विजारीचे पाय वर दुमडले, बादली घेतली, आणि गाईच्या कानाशी वाकून म्हणाला, "हे बघ, तू समजूतदार आहेस. परिस्थिती समजून घे."

गाईने बादली उडवली.

"जरा कडक बोला साहेब," डॉक्टर म्हणाला.

दादाने घसा साफ केला. "तू... तू अत्यंत बेजबाबदार आहेस!"

"साहेब, तिला मेमो देताय का?"

मी दादाला हाताने बाजूला सारलं आणि खाली बसले. पदर खोचला, कपाळ गाईच्या पोटाला टेकवलं. ते पोट गरम होतं आणि थरथरत होतं.

"हल की भवाने," मी म्हणाले. "पाय मागे घे, सटवे. कैदाशिणी, ऊठसूट लाथा झाडतेस?"

गाईचा एक कान माझ्याकडे वळला. पण सड कोरडेच. नुसत्या शिव्यांनी तिचं समाधान होईना. आईच्या शिव्यांना हकीकत असायची. मग मी डोळे मिटले आणि आई कशी सुरू करायची ते आठवलं.

"बघितलास थोरला? साहेब झालाय टवळा. माझ्या हातचं दूध पिऊन वाढला, आणि आता घरी आला की विचारतो, आई, दुधाला वास का येतो? तुझ्या कचेरीला येत नाही का रे वास, मुडद्या? सुट्टीला येतो आणि दोन दिवस खाटेवर लोळतो. म्हणे थकलोय. खुर्चीत बसून थकतात होय रे, दळभद्र्या? खुर्ची तरी थकत नाही तुझी..."

पहिली धार बादलीच्या तळाला वाजली.

"आली!" डॉक्टर ओरडला.

"बोलत राहा," दादाच म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "हे आई माझ्याबद्दल म्हणायची?"

"रोज."

"रोज?" दादा जरा सुखावल्यासारखा दिसला. "म्हणजे रोज आठवण काढायची."

मी पुढे गेले. माझी पाळी आली: तोंडाळ, नवऱ्याशी पटत नाही म्हणून माघारी आलेली, 'आणि आली ते बरंच केलं, त्या बैलापेक्षा माझा बैल बरा'. वहिनी झाली. शेजारची काकू झाली, 'साखर न्यायला येते आणि बातमी घेऊन जाते'. अंगणात हशा पिकला. काकूच सगळ्यांत मोठ्याने हसली. "अगदी हेच म्हणायची मेली! एकदा गोठ्यात तोंडावरही म्हणाली होती!" आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावला.

पण अर्धी कास मोकळी झाली आणि माझ्याजवळचं संपलं. आम्ही पोरं झाल्यानंतरचं तेवढंच मला ठाऊक. त्याआधीचं आयुष्य कुठून आणणार? मी तेच तेच परत बोलायला लागले तशी गाईने शेपटीने माझ्या तोंडावर एक सणसणीत लगावली आणि धार बंद.

"दोन सड राहिले," डॉक्टर म्हणाला. "आणखी नाही का काही?"

तेवढ्यात मागून आवाज आला. "सरक."

बाबा होते. आमचे बाबा बोलत नाहीत. आयुष्यभर आजी बोलली तर तिकडे मान डोलावली, आई बोलली तर इकडे. ते गुडघे कुरकुरवत माझ्या जागी बसले आणि त्यांनी गाईच्या पोटाला कपाळ लावलं.

"आला मुडदा," बाबा म्हणाले. आवाज त्यांचा, पण बोलणं आईचं. "माहेरी नेतो म्हणाला. बैल जुंपले, गाडीत बसले मी. म्हातारी आत खोकली, की याने बैल सोडले. पुढल्या महिन्यात परत जुंपले. म्हातारी परत खोकली. बैलांनासुद्धा कळायला लागलं गं बये, खोकला आला की आपले आपणच मागे फिरायचे. बैलांना कळलं, याला नाही कळलं. माझा बाप गेला तेव्हा मात्र गाडी सुटली. वाटेत मला म्हणतो कसा, बघ, नेलं की नाही. तोंडाला आग लागो तुझ्या..."

दूध सुरू झालं होतं. दोन्ही हातांनी, जोरात.

अंगणात कुणी हसलं नाही.

"बाबा," मी हळूच विचारलं, "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"भिंतीपलीकडे चारा तोडायचो मी."

"रोज ऐकायचात?"

"मग कुठे ऐकणार? घरात ती माझ्याशी कामाशिवाय बोलायचीच नाही."

मला त्यांचा इतका राग आला की बादली त्यांच्या डोक्यावर उलटी करावीशी वाटली. ऐकायचं सगळं, आणि भिंत ओलांडून एकदाही यायचं नाही! पण बादलीत दूध होतं, आणि मला जे म्हणायचं होतं ते तेच म्हणत होते, माझ्यापेक्षा चांगलं. "भित्रा. बाईलबुद्ध्यासुद्धा नाही, बाईची बुद्धी तरी घ्यायची होतीस मेल्या..."

डॉक्टरने वाकून चारही सड चाचपले. "झालं. मोकळी झाली कास. उठा बाबा."

बाबांनी कपाळ हलवलं नाही. रिकाम्या सडावर हात तसाच ठेवून म्हणाले, "थांबा हो जरा. अजून दादासुद्धा जन्मला नाही."