फोन करणाऱ्याचं नाव

"बाकी काय वाट्टेल ते कर, पण फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस," असं लॅबमधले मास्तर निवृत्त होताना तिला बजावून गेले होते. तिनं ते हसण्यावारी नेलं. मास्तरांना काय, एखाद्या बाटलीचं झाकण सैल राहिलं तरी आभाळ कोसळल्यासारखं व्हायचं. शिवाय शेजारच्या टेबलावर ताई होती.

ताईच्या तोंडाचा पट्टा सकाळी हातमोजे चढवतानाच सुरू व्हायचा. पण सूक्ष्मदर्शकात दहा मिनिटं बघितलं की तिचं डोकं चढायचं. हिचं नेमकं उलटं. हिची नजर अशी की काचपट्टीवरची एक वेडीवाकडी पेशी हजारांतून हुडकून काढील. पण लहानपणापासून बोलताना अडखळायची. शब्द तयार असायचा, तोंडापर्यंत यायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा.

"तू बघ, मी बोलते," ताईनं पहिल्याच आठवड्यात तोडगा काढला. "आपण दोघी मिळून एक धड बाई होतो बघ!"

हॉस्पिटलच्या लॅबचा नियम साधा होता. एखाद्या पेशंटच्या रक्ताचा आकडा जिवाशी खेळणारा आला, तर पंधरा मिनिटांच्या आत वॉर्डात फोन करायचा. पेशंटचं पूर्ण नाव आणि आकडा सांगायचा, सिस्टरकडून परत म्हणवून घ्यायचा आणि तातडीच्या वहीत नोंद करायची. वेळ, आकडा, फोन करणाऱ्याचं नाव. आकडा ही काढायची, फोन ताई करायची, आणि वहीत आपल्या टपोऱ्या अक्षरात ताईचं नाव हीच लिहायची. दुसरं काही लिहावं हे तिच्या मनातही आलं नाही. अशी नऊ वर्षं गेली. मधल्या काळात लग्न झालं, मुलगी झाली, ती चार वर्षांची झाली.

मग लॅबच्या इनचार्जची जागा रिकामी झाली. ती जागा आपली, हे तिनं मनाशी कधीच धरून ठेवलं होतं. परीक्षा दिल्या होत्या, नव्या मशीनचं सगळं तंत्र तिनंच बसवलं होतं. लॅबच्या प्रमुख डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. समोर वही उघडी होती.

"तुझ्याइतकं काम इथे कुणाचं नाही," ते म्हणाले. "पण नऊ वर्षांत तुझ्या नावावर एक फोन नाही. इनचार्जला दिवसभर वॉर्डाशीच बोलावं लागतं. वर मी काय दाखवू? एक महिना सगळे फोन तू कर. वही भरू दे तुझ्या नावानं."

ताई म्हणाली, "कर गं बिनधास्त. मला नको बाई ती डोकेदुखी."

घरी तिनं सराव सुरू केला. लेक, छोटी, टीव्हीचा रिमोट कानाला लावून सिस्टर व्हायची. "हॅलो, वॉर्ड! कोण बोलतंय?" आई अडकली की ती रिमोट तसाच धरून, पाय हलवत, निवांत थांबायची. इतकं निवांत आजवर कुणीच थांबलं नव्हतं. पहिले बारा दिवस बरे गेले. सात फोन झाले. धाप लागायची, बगला भिजायच्या, पण वहीत सात वेळा तिचं नाव लागलं.

तेराव्या दिवशी छोटी जेवताना म्हणाली, "आई, पा-पा-पाणी."

तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"अगं, नक्कल करतेय ती," नवरा म्हणाला. "मांजराचीही करते."

ऐकून ऐकून तोतरेपणा लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं वाचलं होतं. घराण्यात असला तर उतरू शकतो, हेही तिथेच, त्याच पानावर वाचलं होतं. त्या दिवसापासून तिनं सराव बंद केला. घरात बोलणंच कमी केलं. छोटीच्या प्रत्येक वाक्याला कान लावून बसायची, आणि छोटी रिमोट घेऊन आली की म्हणायची, "नको आज."

विसाव्या दिवशी, ऐन दुपारी, एका पेशंटचं पोटॅशियम सात पॉइंट एक आलं. अशानं हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. तिनं आकडा पुन्हा तपासला आणि फोन उचलला. पेशंटचं नाव 'म'वरून होतं. एरवी अडणारा शब्द ती टाळायची, त्याच्या जागी दुसरा घालायची. नावाच्या जागी दुसरं काय घालणार?

"हॅलो, वॉर्ड."

तिचे ओठ मिटले ते मिटलेच.

"हॅलो? कोण आहे? काय मेली ही लाइन, परत बंद पडली." फोन ठेवला गेला.

तिनं पुन्हा लावला. "अहो, बोला की! कामं आहेत आम्हाला." पुन्हा कट.

तिसऱ्यांदा लाइन बिझी लागली. घड्याळात नऊ मिनिटं झाली होती. ताई आपल्या टेबलाशी नुसती उभी होती. तिनं हात पुढे केला नाही, तोंडातून एक अक्षर काढलं नाही, तेही ताईनं! चौथ्यांदा रिंग वाजली तेव्हा हिनं आपण होऊन रिसीव्हर ताईपुढे धरला.

ताईनं सगळं एका दमात सांगितलं. पेशंट वाचला. हिनं वही ओढली, वेळ लिहिली, आकडा लिहिला, आणि शेवटच्या रकान्यात ताईचं नाव लिहिलं.

"बरोबर केलंस," डॉक्टर म्हणाले. "मीही तेच केलं असतं." मग चष्मा पुसत राहिले. "पण आता ही जागा तुला कशी देऊ, तूच सांग."

ती सांगायला गेली. तिचं वाक्य सुरू होईपर्यंत ते थांबले नाहीत.

इनचार्ज ताई झाली. "मी मागितलं नव्हतं गं," म्हणून हिच्या गळ्यात पडून रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून इनचार्जच्या खोलीत बसू लागली. हिला सोयीचं म्हणून मागची खोली दिली. तिथे सूक्ष्मदर्शक आहे, खिडकी आहे, फोन नाही. काचपट्ट्या ट्रेमधून येतात, उत्तरं चिठ्ठीवर जातात. अख्खा दिवस तिला कुणाशी बोलावं लागत नाही. सगळ्यांना वाटतं, बाई सुखात आहे. तिनं पुन्हा कुठल्याच जागेसाठी अर्ज केला नाही.

तुमच्याही कचेरीत, बँकेत, कारखान्यात मागच्या खोलीत असं कुणी असेल. काम चोख, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसेल. उद्या जेवणाच्या सुट्टीत जरा जाऊन बघून याल? कशी आहेस, एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वेळ लागेल.