जिथे काकांचा हात जात नाही

गॅरेजच्या छताखाली विजेची वायर या तुळईपासून त्या तुळईपर्यंत सैल लोंबत होती, आणि लोंबणारी कोणतीही वस्तू काहीतरी टांगण्यासाठीच असते, असं काकांचं ठाम मत होतं. त्यांनी तिच्यावर आधी सायकलची ट्यूब टांगली, मग बागेच्या नळीचं वेटोळं. गेल्या आठवड्यात गाडी पुसायचं ओलं फडकं वाळत घालताना त्यांना शॉक बसला. ते धाडकन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "जरा गुदगुल्या झाल्या."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून गॅरेजमधून आवाज आला की त्या धावत जायच्या, आणि आवाज आला नाही की आणखी जोरात धावायच्या. शेवटी काकांना न विचारता त्यांनी वायरमनला बोलावलं.

वायरमनने मान वर करून सगळं पाहिलं. "लोखंडी पाइपमधून नेऊ. मग उंदीर कुरतडायची भीती नाही."

"उंदीर नाहीत हो आमच्याकडे," काकू म्हणाल्या. "हे आहेत."

काकांचा चेहरा मात्र खुलला. "लोखंडी? मग शिडी टांगली तर चालेल ना?"

वायरमनने हातातला पाइप खाली ठेवला. "काकू, वरून नेण्यात अर्थ नाही. भिंतीवरून नेतो. काकांचा हात कधीच जात नाही अशी एखादी जागा दाखवा."

काकूंना विचार करावा लागला नाही. "त्या कोपऱ्यातल्या झाडूच्या मागून न्या."

वायरमनने तिथून पाइप नेला, क्लॅम्प आवळले, दिवा लावून दाखवला आणि गेला.

काकांना हे फार लागलं. ते तडक कोपऱ्यात गेले आणि झाडू उचलून इतक्या तावातावाने झाडू लागले की दांडा ठणकन पाइपवर आपटला. दिवा जराही लुकलुकला नाही. काकू मात्र धावत आल्या. या माणसाने एकदा तरी झाडू हातात धरावा म्हणून त्यांनी आजवर घसा कोरडा केला होता. आता त्यांनीच तो हिसकावून घेतला.

"राहू द्या हो. मी झाडते. तुम्ही मला हवे आहात."

इतकं स्पष्ट त्या कधी बोलल्या नव्हत्या. काका खाली वाकले आणि त्यांनी काकूंच्या झाडूपुढे सुपली धरली. उलटी धरली होती, पण काकूंनी कचरा तिच्यावरच लोटला.