लाल पन्नास मिनिटं

उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते बघायचं असेल, तर आमची सोमवारची मीटिंग बघावी. साहेब म्हणजे सुयश, पुण्यात एसीत. आम्ही सहा जण आपापल्या घरी. आणि पडद्यावर एक तक्ता, त्यात शालूच्या नावापुढं लांबलचक लाल पट्टी.

"रोज पन्नास मिनिटं वाया," सुयश म्हणाला. "दोन आठवड्यांत एक दिवस चुकला नाही. लीनमध्ये वाया जाणारं आपण काढून टाकतो. पुढच्या महिन्यापासून शालूचे कॉल तुम्ही पाच जणांनी वाटून घ्या."

माणूस काढला, आणि आवाज असा की माळ्यावरची रद्दी काढली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरी मी माइक बंदच ठेवला.

मी मधुसूदन. वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी हेच लीन, म्हणजे कामातलं वाया जाणारं शोधून काढायची जपानी रीत, शिकवलं. तिथं यंत्रांच्या रांगेवर एक दोरी टांगलेली असे. काल लागलेल्या कामगारालासुद्धा काही बिघडलेलं दिसलं तर त्यानं ती ओढायची, की सगळी रांग थांबे. का ओढलीस, असं कुणी विचारत नसे; काय बिघडलं, ते विचारत. दुसरा धडा असा, की खुर्चीत बसून निर्णय घ्यायचा नाही, काम चालतं त्या जागेवर जाऊन उभं राहायचं. हे मी शेकडो पोरांना शिकवलं आणि मनापासून मानलं. आता त्याच शब्दाच्या नावानं हा पोरगा पुण्यातून पोटावर पाय देत होता.

निवृत्तीनंतर मी हे घरून करायचं काम घेतलं. दूध थंड ठेवायची यंत्रं विकणारी ही कंपनी. गावोगावच्या डेअरीतलं यंत्र बंद पडलं की फोन आमच्याकडं येतो, आणि आमच्या सहा जणांतलं कुणीतरी बोलून बोलून ते चालू करून देतं. शालू कन्नडच्या पलीकडच्या एका गावात बसून हे करते. धनगराच्या घरातली सून, तिकडची पहिली पदवीधर. आमच्यात सगळ्यात तयार तीच. चिडलेल्या गवळ्याला नेमकं काय म्हणायचंय, ते तिला पहिल्या वाक्यात कळतं. मला तिसऱ्यात कळतं, आमच्यातल्याच हिमानीला तर फोन ठेवल्यावर.

तक्त्याचं फर्मान सुयशचं. दोन आठवडे दिवसातलं प्रत्येक मिनिट लिहायचं, कामाचं हिरवं, वाया गेलेलं लाल. सगळे बिचकले. तेव्हा मीच छातीवर हात ठेवून म्हणालो, "खरं लिहा. लीनमध्ये दोष पद्धतीचा असतो, माणसाचा नाही. माझा शब्द."

शालूनं मला वेगळा फोन केला. "सर, पान्याचा टँकर आला की मला उठावं लागतंय. त्ये बी लिवू का?"

"लिही," मी म्हणालो.

सोमवारच्या मीटिंगनंतर पुन्हा तिचाच फोन आला. रडली नाही, भांडली नाही. "सर, तुमी म्हनले म्हनून लिवलं," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

मंगळवारी पहाटेची एसटी धरून मी कन्नडला गेलो, तिथून जीपनं तिच्या गावाला. नऊच्या सुमाराला पोचलो तेव्हा टँकर विहिरीत रिकामा होत होता आणि काठावर बायांची ही गर्दी. शालूच्या सासूबाई मंजुळाबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून अधू झालेल्या. त्या हंड्यांची राखण करत बसल्या होत्या. सासरे आणि नवरा मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलेले. ओढणार ती एकटी शालू.

ती पोहरा ओढत होती आणि बोलत होती. कानात हेडफोन. "दादा, मागची जाळी बगा. धुळीनं गच भरली आसंल. काढा, झटका, मंग बटन दाबा. झालं का चालू? व्हय ना? मंग दूध वतून देऊ नका, लई नुकसान व्हईल." मला बघून ती दचकली, पण दोर सोडला नाही. माझ्यासमोर अर्ध्या तासात तिनं असे तीन फोन निस्तरले.

"शालू, हे कॉल तू तक्त्यात हिरवे का लिहिले नाहीस?"

"हात तर पान्यातच व्हते ना सर," ती म्हणाली. "अर्धं काम हिरवं कसं लिवायचं? तुमी खरं लिवा म्हनले व्हते."

साडेनऊला रोजची छोटी मीटिंग असते. मी मोबाईल काढला, मीटिंगमध्ये शिरलो आणि कॅमेरा विहिरीवर धरला.

"मधुसूदन सर, मागं फार गोंगाट आहे. म्यूट करा," सुयश म्हणाला.

"नाही करणार. मी दोरी ओढतोय. सगळी कामं थांबवा." माझा आवाज इतका चढला की दोन बाया ओढायच्या थांबल्या. "फोनच्या नोंदी तुमच्याकडं आहेत ना? शालूच्या त्या लाल वेळेत किती तक्रारी सुटल्या, मोजा. आत्ता मोजा."

त्यानं मोजल्या. दोन आठवड्यांत एकतीस. हिमानीनं तेवढ्याच हिरव्या वेळेत सोडवलेल्यांपेक्षा जास्त.

"पण लाल तिनंच लिहिलंय," तो पुटपुटला.

"कारण तिला मी खरं लिहायला सांगितलं! आणि मी काय लिहिलं, ते ऐका. माझ्या तक्त्यात दोनदा 'नियोजन' आहे, दोन-दोन तास. हिरवं. ते नियोजन नव्हतं. आमच्या शहरात, सिडकोत, आठव्या दिवशी नळ येतो, कधी येईल ते कुणी सांगत नाही. मागं बारा मजली इमारत उभी राहतेय, तिच्या पाटीवर चोवीस तास पाणी आहे. आमच्या नळाला नाही. आला की मी मोटर लावतो आणि बादल्या भरत सुटतो. ते पाणी होतं."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी मनात म्हणालो, पण चेहऱ्यावर दिसलं असावं.

मग शहरातल्या छावणी भागातल्या तिच्या घरातून हिमानीचा बारीक आवाज आला. "माझं 'प्रशिक्षण' पण पाणीच होतं, सर." तिच्या मागून आणखी एकानं कबूल केलं. सुयशनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ठीक आहे. तक्ता रद्द. शालू राहील," तो म्हणाला आणि पडद्यावरून गेला. माफीचा शब्द नाही. जणू त्यानंच उपकार केले.

मी छाती फुगवून वळलो. खोटं कशाला बोलू, दोन शब्द ऐकायची माझी अपेक्षा होती.

शालूनं पोहरा हंड्यात ओतला. "सर," ती म्हणाली, "त्ये नियोजन तुमी तवाच लाल लिवलं आसतं, तर मी एकटीच लाल दिसले नसते."

मी वाकलो आणि भरलेला हंडा उचलला. साठीच्या माणसाला कुणीही म्हणतं, तसं 'राहू द्या सर' ती म्हणाली नाही.