कमरेवरचा वळ

मद्रासच्या वैद्यकीय मासिकानं डॉक्टर श्रीधर पांढरीपांडे यांचा निबंध दुरुस्तीसाठी परत पाठवला, सोबत परीक्षकाचे सात शेरे. वर्धा जिल्ह्यात सहा वर्षांत बुडून मेलेल्या त्रेपन्न जणांची शवविच्छेदनं डॉक्टरांनी स्वतः केली होती, त्यावरचा हा निबंध. सहा शेऱ्यांची उत्तरं त्यांनी एका रविवारी, चहा गार व्हायच्या आत लिहून टाकली. परीक्षक म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले खडे वेचायला बसलेला माणूस, त्याची समजूत काढायची असते, एवढं त्यांना ठाऊक होतं. चौथ्या शेऱ्यापाशी मात्र घोडं अडलं.

‘चार देहांच्या कमरेवर पट्ट्यासारखा काळानिळा वळ आढळला. लेखक म्हणतात, विहिरीच्या दगडांचा मार. दगड चौघांना एकाच जागी कसे लागले? शिवाय असा वळ अंगात रक्त खेळत असेल तरच उठतो. ही माणसं बाहेर काढली तेव्हा जिवंत होती काय? खुलासा करावा, नाहीतर उल्लेख गाळावा.’

हुशार होता लेकाचा! वळ दोराचा होता, हे डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बुडालेल्याला कुंभाराच्या चाकावर उपडं घालायचं, पडू नये म्हणून कमरेला दोर आवळायचा आणि पोटातलं पाणी निघेपर्यंत गरगर फिरवायचं, ही अल्लीपूरकडची रीत. त्या चौघांतली एक होती रामाजी कुंभाराची नात, नऊ वर्षांची धुरपता. तिला चाकावर घातलं ते आजोबानंच. म्हातारा आधीच खचलेला, त्याला आणखी कोणी बोल लावू नये म्हणून डॉक्टरांनी दगड लिहिले. आयुष्यात सही करून लिहिलेलं तेवढं एकच खोटं, आणि नेमकं तेच पकडलं गेलं.

म्हाताऱ्याला जपायला कारण होतं: डॉक्टर स्वतः, अल्लीपूरच्या शाळामास्तरांचा मुलगा, त्या चाकावर फिरून आले होते. सात वर्षांचे असताना मळ्यातल्या विहिरीत डोकावता डोकावता ते आत पडले, आणि रामाजीनं चाकावर घालून त्यांना जगवलं. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली, की आठवण कुठली आणि ऐकलेलं कुठलं हे त्यांना आता वेगळं करता येत नव्हतं. पुढं त्यांचं अर्धं बालपण कुंभारपुऱ्यातच गेलं. लिदीत मळलेल्या ओल्या मातीचा वास, चाक थांबत आल्यावरची ती घरघर, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला रामाजी करून द्यायचा तो वाकड्या शिंगांचा बैल! वर्ध्याच्या फिनेलच्या वासात बसून डॉक्टरांना ते सगळं फार हवंसं वाटलं. उल्लेख गाळला असता तर काम भागलं असतं, पण मन घेईना. त्यांनी वेगळाच विचार केला. वळ दोराचा हे खरं लिहावं आणि चाकानं आपला जीव वाचला हेही निबंधात घालावं, म्हणजे आपलं इमान राहील आणि म्हाताऱ्याची अब्रूही. त्यासाठी रामाजीकडून नीट माहिती घ्यायला हवी होती. दुसऱ्याच दिवशी ते अल्लीपूरच्या मोटारीत बसले.

‘अरे बाप्पा, शिरीधर!’ रामाजीनं चाकावरचे हात तसेच वर उचलले. ‘किती वर्सानं येऊन राह्यला तू! बैस, बैस.’

कुंभारपुरा तोच होता, वासही तोच. डॉक्टर धोतर सावरून थेट मातीत बसले आणि दोन वाक्यांत शहरातली भाषा विसरले.

‘बाबा, बुडालेल्यांवर एक कागद लिहून राह्यलो मी. मले विहिरीतून काढलं, तवा मी शुद्धीवर होतो काय?’

रामाजी खो खो हसला. ‘शुद्धीवर? अरे, अख्ख्या गावाले ऐकू जाईन इतका बोंबलून राह्यला होता तू! पण तुही माय ऐकते काय? म्हणे, चाकावर घालाच. मंग म्या हळूच दोन फेरे देल्ले, तिच्या समाधानासाठी. तवापासून गावात झालं, मास्तरचा पोट्टा चाकानं जगला. मंग जो बुडला त्याले इथंच आणत. लोकं म्हणत गेले, तसं मलेबी खरं वाटाले लागलं.’ त्याचा आवाज उतरला. ‘धुरपतीले म्या त्याच भरवशावर घातलं.’

इतकी वर्षं जिला ते आपल्या जिवाची कहाणी समजत होते, तिच्या भरवशावर गाव माणसं चाकावर घालत होतं.

‘काऊन असा पाहून राह्यला?’ रामाजीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पाहता पाहता त्याला काहीतरी समजलं. ‘तिले तूच चिरलं ना? खरं सांग मले. चाकावर नसती घातली तं?’

खोटं बोलायला हीच वेळ होती, आणि रामाजीनं ते आनंदानं मानलंही असतं. डॉक्टरांना ते जमलं नाही.

‘जीव होता, बाबा. पाठ दाबून श्वास चालू करता येते. ती जगलीच असती असं मी नाई म्हणत. पण ते करून पाहाले पाह्यजे होतं. चाकात वेळ गेला.’

रामाजीनं आपल्या मातीच्या हातांकडे पाहिलं. मग उठला, चाकाशेजारी जमिनीवर उपडा झाला आणि गाल मातीला टेकवला.

‘दाखव. कसं करा लागते ते करून दाखव. हे पोट्टे-बाया सारे पाहू दे.’

आजूबाजूची माणसं जमली. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळवे म्हाताऱ्याच्या पाठीवर ठेवले. दाबायचं, सोडायचं. ‘असं,’ ते सगळ्यांना सांगत होते, ‘घाई करायची नाई, अन् थांबायचं नाई.’ चौथ्या-पाचव्या दाबाला हातांखालची पाठ गदगदू लागली. रामाजी रडत होता.

‘लिही तुह्या कागदात,’ तो मातीत तोंड ठेवूनच म्हणाला. ‘माह्यं नाव घालून लिही.’

‘आधी माह्यं लिहीन, बाबा,’ डॉक्टर म्हणाले. त्यांनाही पुढचं दिसेनासं झालं होतं, पण माणसं शिकत होती, म्हणून त्यांनी हात थांबवले नाहीत.