दहा जणींची टोळी

तानाबाईला सगळी वस्ती फटकळ म्हणायची, आणि ती होतीच. पण शिरोलीच्या फाउंड्रीत आम्हा नऊ जणींना तिनंच चिकटवलं. नवरा गेल्यावर मी नेसरीहून आले, तेव्हा "एक दिवस येऊन तर बघ की" म्हणत तिनं माझा हात धरून वाळूच्या पेटीवर ठेवला. त्या एका दिवसाला अकरा वर्षं झाली.

लोखंड ओतायच्या साच्यात बसवायचे वाळूचे कोअर आम्ही करतो. मुकादम संग्राम फोन करायचा तो तानाबाईलाच. मग ती दारोदार हाका मारायची. दहा म्हणजे दहा. एक कमी पडली की काम दुसऱ्या टोळीला. म्हणून ती तापातसुद्धा यायची. शेवटी तीच वाळू तिच्या छातीत बसली. दवाखान्यात तिनं माझं मनगट धरलं.

"यल्लव्वा, माझ्या अनुजाला तिकडं न्यायचं न्हाय. शब्द दे."

मी दिला. तिची लेक अनुजा शाहूपुरीत कॉम्प्युटरचा क्लास करते, पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे.

काल ती जाऊन सातवा दिवस, पुण्यानुमोदनाचा. सकाळी सहाला आम्ही विहारात सतरंज्या अंथरत होतो आणि तानाबाईचा फोन वाजला. अनुजानं उचलला, स्पीकरवर टाकला.

"अर्जंट माल हाय," संग्राम म्हणाला. "साताला धा जणी पायजेत. न्हाईतर मालक पलीकडची टोळी कायमची घेतोय."

"दादा, आज आईचं पुण्यानुमोदन हाय."

"वाईट वाटतंय गं मला. पर मी त्यास्नी काय सांगू?"

कोणी कोणाकडं बघेना. टोळीतल्या सोनमच्या मांडीवर पाच महिन्यांचं पोर. सगळ्यांचीच हातावरची पोटं. मी मनात मोजलं, नऊ. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण मी सतरंजीचं टोक सरळ करत राहिले. खोटं कशाला सांगू, माझीही चूल त्याच फोनावर पेटत होती.

"धा जणी येतो," अनुजा म्हणाली.

भन्त्यांना दुपारी राधानगरीला जायचं होतं, ते थांबू शकत नव्हते. विधी अनुजाच्या मामानं केला. आम्ही अंथरलेल्या सतरंज्या मोकळ्याच राहिल्या.

फाउंड्रीत अनुजा आईच्या जागेवर उभी राहिली, नाकाला आईचाच स्कार्फ बांधून. पहिला कोअर पेटीतून काढताना तुटला. दुसराही तुटला. संग्राम बघत होता. मग मीच पुढं झाले, तिचा हात धरला आणि पेटीवर ठेवला.

"आदी कडंनं दाब. मग मधी."

तिसरा नीट निघाला. सात दिवसांत पहिल्यांदाच ती हसली.

"एकच दिवस हाय की, मावशी."

मी व्हय म्हणाले.