झिपरू मिस्त्रीची मूठ

चैत्र उतरणीला लागला होता. सातपुड्याच्या निळ्या-करड्या खांद्यांवर पळसाची शेवटची ठिणगी विझत होती, आणि तापीच्या विस्तीर्ण पात्रात पाण्यापेक्षा प्रकाशच अधिक वाहत होता. शुभ्र, तप्त, निःशब्द प्रकाश. दुपार अशी, की नदीतले मासे म्हणे काठावर येऊन बाभळीच्या सावलीत बसत आणि ऊन कललं की पुन्हा पाण्यात शिरत. खोटं वाटत असेल त्यानं माशांना विचारावं.

त्या प्रकाशाच्या काठाशी, सडकेला टेकून, एक पत्र्याचं छप्पर. छपराखाली तेलकाळी भुई. आणि एका पांढऱ्या व्हॅनच्या उघड्या इंजिनावर ओणवा, दोन्ही मुठी एका पान्यावर आवळून, झिपरू मिस्त्री अडकला होता.

क्रँकच्या तोंडाशी असलेलं ऑइल सील म्हातारं झालं होतं. रबराचा तो काळा, वर्तुळाकार ओठ कडक पडला, तेल पाझरलं, आणि त्या पाझरानं इंजिनाचा ताल राखणारा टायमिंगचा पट्टा भिजून फुगला. झिपरूनं पट्टा उतरवला, जुनं सील उपटलं, नवं हाती घेतलं. तर नवं एक सूत मोठं! जोडीदार सुपडू फटफटीवर बसून बरोबर मापाचं आणायला रावेरला पळाला.

आणि पट्टा उतरला की वॉल्वची उघडझाप करणारं वरचं कॅमचं चाक मोकाट होतं. त्याच्यामागं वॉल्वच्या स्प्रिंगा दबा धरून बसलेल्या. हात सुटला की चाक उसळणार, वॉल्व पिस्टनच्या माथ्यावर आदळून वाकणार, इंजिन जागच्या जागी संपणार. म्हणून चाक अडवायला बोटाएवढी एक खीळ असते. सारा तालुका ती लावतो. झिपरू नाही. "झिपरूची मूठ हीच खीळ," असं तो गावोगाव सांगत फिरलेला. त्याची खीळ भिंतीवर टांगलेली, कोरी, चकचकीत. देव्हाऱ्यातल्या देवासारखी, नुसती पाहायची.

आता देव दीड हात लांब होता, आणि भक्ताला नमस्कारापुरतेही हात मोकळे नव्हते.

मूठ पान्यावर. पाना चाकावर. चाक खुणेवर. आणि खुणेवर खिळलेले झिपरूचे घामानं चुरचुरणारे डोळे.

व्हॅन कौतिकबाईची. गावातली पोरं शाळेला नेणारी, स्वतः व्हॅन हाकणारी, विधवा, करड्या केसांची, खणखणीत आवाजाची कौतिक. शाळेनं स्वतःची बस घेतली, कौतिकचं काम सुटलं, आणि सुरतेच्या भावानं बोलावणं धाडलं. व्हॅन दुरुस्त झाली की ती आजच निघणार होती. कायमची.

गेली कित्येक वर्षं ती महिन्या-दोन महिन्यांनी व्हॅन घेऊन येई. "कुठून तरी आवाज येतो, मिस्त्री." झिपरू कान लावी, नळी लावी, भुईवर उताणा निजे. आवाज कधी सापडला नाही. तो पुन्हा यावा म्हणून, खरं सांगायचं तर, कुणी तो फारसा शोधलाही नाही.

आणि आज त्या मुठीत सगळंच आलं होतं. आवळली तर इंजिन वाचतं, आणि वाचलेलं इंजिन तिला घेऊन जातं. उघडली तर इंजिन मरतं, आणि कौतिक राहते. बोटं एवढीच उघडायची. कळी उमलते तेवढी. ती मोहक, ती मऊ, ती महापातकी कल्पना त्याच्या मनगटातून मुंगीसारखी चढत होती.

तेवढ्यात ऊन बाजूला सारून कौतिक आत आली. हातात ताकाचा तांब्या.

"काय मिस्त्री, पुतळा झाला का तुमचा?"

"हात अडकलेत, बाई."

"सोडा की मग."

"सोडले तर गाडी जाईल."

"नाही सोडले, तरी जाईलच ना."

पत्रा तडतडला. तिनं तांब्या त्याच्या ओठांना लावला. ताक मिशीवरून हनुवटीला आलं. तिनं पदराच्या टोकानं आधी ते टिपलं, मग कपाळ, मग डोळे. मिस्त्रीनं डोळे मिटले. हात मात्र लोखंडाचे राहिले.

भिंतीवरची खीळ तिनं पाहिली. त्यानंही तिला पाहताना पाहिलं. एक पाऊल, एक हात, आणि तो सुटला असता. पण कौतिक उलटा डबा ओढून तिथंच बसली. दोघांनी मिळून खिळीकडे पाहिलं, आणि दोघंही खिळीबद्दल बोलले नाहीत.

सावली सरकली. मनगटं दुखली, बधिरली, दगडली. त्या लांबलेल्या, वितळलेल्या, जांभळट होत चाललेल्या दुपारी दोन माणसं एका चाकाला बांधली गेली होती, आणि एकालाही सुटका नको होती.

पण फटफट वाजलीच. सुपडू उतरला, एका हातात सील, दुसऱ्या हातात टरबूज. "उशीर झाला, पण टरबूज काय गोड आहे म्हणून सांगू!"

मग काम आपल्या पावलांनी चाललं. सील तेलाचं बोट फिरवून हळुवार बसलं. नवा पट्टा दातांवर दात ठेवून चढला. झिपरूनं सुजल्या हातांनी क्रँक दोन फेरे फिरवली, खुणा पुन्हा जुळतात का बघायला.

"दोन फेऱ्यांत जुळतं?" कौतिक म्हणाली. "माणसांना सात लागतात."

खुणा जुळल्या. व्हॅन मधाळ घुमली. कुठूनही आवाज नव्हता. कौतिक स्टिअरिंगमागे बसली, काच खाली केली.

"पट्टा किती चालेल, मिस्त्री?"

झिपरू मिस्त्री बढाया उदंड मारी. पण इंजिनाच्या सामानाबद्दल त्याची जीभ आजवर विटाळली नव्हती.

"सुरतेला जाऊन इथवर परत येण्यापुरता. आखाजीपर्यंत."

सुपडूच्या तोंडातली टरबुजाची फोड जागीच थांबली. असा पट्टा वर्षानुवर्षं चालतो, आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तर पंधरवड्यावर आलेली, हे शेंबडं पोरही सांगेल.

"तिकडच्या मिस्त्रीनं बदलला तर?"

"त्याला नाही जमायचं. तिकडं खिळीनं काम करतात."

कौतिकच्या गालावर काहीतरी हललं. "सगळ्या बाया आखाजीला भावाकडे जातात. मी भावाकडून इकडं येऊ? लोक काय म्हणतील?"

"पट्ट्याचा प्रश्न आहे, बाई."

"पट्ट्याचाच ना?"

झिपरूनं काळ्या हातांकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

कौतिकनं गिअर टाकला. "मग येते आखाजीला," ती समोरच्या काचेला म्हणाली, आणि व्हॅन सडकेवर चढली.

सडकेच्या दुतर्फा केळीचे मळे उभे होते. हिरवे, घनदाट, संध्येच्या तांबूस प्रकाशात भिजलेले. व्हॅनच्या वाऱ्यानं त्यांची पानं एकामागून एक उलटत गेली, फिकट पोट दाखवत, दूर, वळणापर्यंत. आणि वारा सरला तशी, एकामागून एक, हळूहळू, परत सुलटत आली.