सपाट मुलखातला डोंगर

"गाडी काढून टाक," फादर मासेदोनियो म्हणाले. "बाकी झकास जमलंय."

त्यांच्या हातात वहीच्या पानाएवढा रंगवलेला पत्रा होता. रविवारी तो चर्चच्या भिंतीवर इतर शेकडो पत्र्यांच्या गर्दीत टांगला गेला होता. फादरनी तो स्वतः खिळ्यावरून उतरवला आणि झग्याखाली झाकून कमानीखालच्या लिसान्द्रोच्या टेबलापर्यंत आणला.

लिसान्द्रो केसादा नवसाची चित्रं काढायचा, त्याच्या बापासारखीच. कुणी दुखण्यातून उठलं, कुणाची गाय विहिरीतून जिवंत निघाली, की माणसं त्याच्यासमोर बसून हकिकत सांगायची. वर ढगांत कान्देलारिया माता, मध्ये घडलेला प्रसंग, खाली चार ओळींत आभार, नाव आणि गाव. चित्रकाराची सही नसे. "नवस त्यांचा, हात आपला," बाप म्हणायचा. "मध्ये तोंड घालायचं नाही." त्या भिंतीसाठी लिसान्द्रोने दारुडे नवरे रंगवले होते, सवतींची झोंबाझोंबी रंगवली होती, शेजारणीच्या खिडकीतून उडी टाकणारा एक न्हावीसुद्धा रंगवला होता. कुणी कधी हरकत घेतली नव्हती.

हा पत्रा बाजारात मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले विकणाऱ्या बाईचा, दोन्या त्रान्सितोचा होता. चित्रात मक्याच्या शेताकडेला नगरपालिकेची पांढरी गाडी उभी होती. दारावर गावाचं चिन्ह, मागे क्रमांक. दोन माणसं एका पोराला आत ढकलत होती. खाली लिहिलं होतं : 'माझा नेफ्ताली याला या गाडीतून नेलं. मक्याच्या काढणीला तो शेतात सापडला. पुरायला मिळाला, म्हणून मातेचे आभार.'

"फादर, तिनं सांगितलं तसं काढलं. मातेला खोटं कसं सांगायचं?"

"खोटं सांग कुठं म्हणतोय मी? थोडं कमी सांग." फादर हसले. "आणि 'नेलं' नको. 'हरवला' लिही. हरवला होता, सापडला. त्यात चूक काय?"

"नगरपालिकेतून कुणी आलं होतं?"

"कुणी आलं नाही. येण्याची वेळ येऊ नये, एवढंच." त्यांनी पत्रा टेबलावर ठेवला. जाता जाता वळून विचारलं, "तुझा मुलगा फेर्मिन अजून रात्रीची टॅक्सी चालवतो ना? हमरस्त्यावर?"

"चालवतो."

"सांभाळून राहा म्हणावं."

ही काळजी होती की धमकी, हे लिसान्द्रोला कळलं नाही. फादरचा चेहरा पाहून त्याला वाटलं, त्यांनाही नीटसं कळलं नसावं. जेवणाची वेळ झाली की ते रोज जसे लगबगीने निघत, तसेच निघाले.

दुपारभर तो पत्र्यासमोर बसून होता. गाडी चित्राच्या मधोमध होती आणि मोठी होती. तिच्यावर झाड रंगवलं तर क्रमांक दिसत राहिला असता. गुरं रंगवली तर पायांमधून चाकं दिसली असती. शेवटी त्याने तपकिरी ऑइलपेंटचा डबा उघडला आणि गाडीवर, पोरावर, त्या दोन माणसांवर एक डोंगर चढवला. मग 'नेलं' पुसून 'हरवला' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच्या नवसात तोंड घातलं होतं.

पत्रा पुन्हा खिळ्यावर गेला. तीन-चार दिवसांनी दोन्या त्रान्सितो टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात तमाल्यांची बादली तशीच.

"मास्तर, आपल्याकडं डोंगर कुठाय हो?"

"नाहीये."

"आख्ख्या मुलखात टेकाड नाही. छपरावर चढलं तर पलीकडच्या गावची कोंबडी दिसते. आणि माझं पोर हरवलं ते डोंगरात?"

"बाई, गाडी झाकायला तेवढंच मोठं सुचलं."

"कुणी सांगितलं?"

लिसान्द्रो कुंचला पुसत राहिला. तिनेही पुन्हा विचारलं नाही. गावात हा प्रश्न एकदाच विचारायचा असतो.

"खाली आहे का ती?"

"आहे. खरवडली नाही मी. वरून रंग दिला फक्त."

"म्हणजे मातेला दिसत असणार."

"दिसत असणार."

"मला नाही ना दिसत," ती म्हणाली. "मला बघायची होती. तिथं, सगळ्यांसमोर." तिने बादली या हातातून त्या हातात घेतली. "हात चांगलाय तुमचा. डोंगर अगदी खरा वाटतो."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मग पावसाळ्यानंतर कधीतरी कालव्यापलीकडच्या वाडीतून एक बाई आली. नवऱ्याचं नाव, गाव सांगून म्हणाली, "दोन्या त्रान्सितोच्या पत्र्यात आहे, तसला डोंगर काढा." लिसान्द्रोने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. त्याने काढला. पुढे आणखी एक आली, मग एक म्हातारा नातवासाठी आला. गाडी कसली, माणसं किती, काहीच कुणी सांगेना. डोंगर तेवढा मागत.

भिंतीवर डोंगर वाढत गेले. फादर मासेदोनियो एकदा टेबलापाशी थबकले. "हल्ली निसर्गचित्रं काढतोस," म्हणाले. त्यांना कळलं होतं का, कोण जाणे. त्यांनी एकही खिळा रिकामा केला नाही. नगरपालिकेलाही डोंगरांची काही अडचण नव्हती. पांढरी गाडी बाजारातून पूर्वीसारखीच फिरत होती, आणि फेर्मिन घरी येईपर्यंत लिसान्द्रो पूर्वीसारखाच जागा असे.

कान्देलारियाच्या सणाआधी एक तरुण बाई समोरच्या स्टुलावर बसली. शालीत तान्हं मूल होतं. तिने गावाचं नाव सांगितलं, ते त्याने कागदावर टिपून घेतलं.

"डोंगर?" त्यानेच विचारलं.

"हो. पण दोन काढा, मास्तर."

"दोन कशाला?"

"दोघं होते."

लिसान्द्रोने तपकिरी डबा ओढला. रंगावर जाड साय धरली होती. ती त्याने काडीने हळूच बाजूला केली आणि कुंचला आत बुडवला.